कापसाच्या खोलीतलं मांजर

वऱ्हाडात जाऊन आले म्हटलं, की आमच्या पेठेत जो तो आधी उन्हाची चौकशी करतो. तिकडे बारा महिने चूल पेटलेली असते अशी आमच्याकडे ठाम समजूत आहे. मी गेले मार्गशीर्षात, आणि अमरावतीच्या पहिल्या सकाळी माझे दात वाजत होते. दुसरी चौकशी तिखटाची. त्याबद्दल जे ऐकलं होतं ते मात्र खरं निघालं, किंबहुना कमीच ऐकलं होतं. ते पुढे येईलच, कारण माझ्या या प्रवासाला कलाटणी मिळाली ती माझ्या पोटामुळे.

मी हौसेनं फिरायला गेले नव्हते. आमच्या पेठेतल्या काही घरांनी मिळून एक लहानसं मंडळ काढलं आहे. ज्या खेड्यात दवाखाना नाही तिथे एक शिकलेली नर्स ठेवायची. तिचा अर्धा पगार आणि औषधं आम्ही द्यायची, उरलेला अर्धा पगार आणि जागा गावानं. सरकारी दवाखाना तालुक्याला असतो, आणि बाळंतपण काही तालुक्यापर्यंत थांबत नाही, एवढाच त्यामागचा विचार. वऱ्हाडात आमचं एकच गाव, अकोला जिल्ह्यात बाळापूरच्या पुढे. त्याला मी इथे बोरखेडी म्हणते. खरं नाव लिहायचं नाही असं तिथल्या लोकांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय. का, ते वाचल्यावर कळेल.

आमचे खजिनदार अप्पा हे संशयाचं पोतं. त्यांच्याकडे कोकणातलं एक गाव कधीपासून नर्स मागत होतं, आणि दोन्हीकडे पुरेल एवढी मंडळाची झोळी नव्हती. "बोरखेडीचा दवाखाना लोक वापरत असतील तर चालू ठेवू," अप्पा म्हणाले, "पण नुसती शोभा असेल तर या महिनाअखेर तिथली मदत बंद आणि कोकणात सुरू. तुम्ही जा, स्वतःच्या डोळ्यांनी रोगी बघा, आणि सांगा. तुम्ही सांगाल ते प्रमाण." मी मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेली, घरी अडून बसणारं कोणी नाही, आणि बाळंतिणींच्या दवाखान्यात पुरुष माणूस काय बघणार? तेव्हा माझीच वर्णी लागली.

अमरावती

अमरावतीला माझी जुनी विद्यार्थिनी कुसुम दिलेली आहे. तिचे यजमान वकील. पहाटे अंगणात कडाक्याचं भांडण ऐकून मी धडपडत बाहेर आले, तर तिच्या सासूबाई आणि गवळी समोरासमोर उभे.

"काहून रे बाप्पा, आज इतका उशीर?"

"म्हैस लाथा मारून राहिली होती, मी काय तिचे पाय बांधून ठेवू?"

"मंग तुले कायले ठेवलं? म्हशीलेच बलावतो दूध घालाले!"

मी मध्ये पडणार, तेवढ्यात कुसुमनं माझा पदर ओढला. "बाई, भांडण नाही ते. चौकशी चाललीय." आणि खरंच, पुढच्या क्षणी सासूबाई गवळ्याला चहा प्यायला थांब म्हणून दटावत होत्या. आमच्याकडे 'या बरं का कधीतरी' असं गोड बोलून दार लावतात. इकडे वसकन अंगावर येतात आणि ताट वाढतात. पहिला दिवस मी दचकण्यात घालवला. नंतर मला ते इतकं आवडलं, की पुण्यात परत आल्यावर आमच्या गवळ्याशीही तसंच बोलून पाहिलं. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

वलगाव

बोरखेडीच्या नर्सचं नाव निर्मला. तिचे आईवडील अमरावतीजवळ वलगावला राहतात, तेव्हा वाट थोडी वाकडी करून त्यांना भेटायचं मी ठरवलं. माणूस कुठून आलंय ते पाहिलं की निम्मं माणूस कळतं, हा माझा शाळेपासूनचा अनुभव.

वडील सडकेच्या कामावर मुकादम. सारवलेलं लख्ख घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली निर्मलाचा नर्सच्या टोपीतला फोटो. त्यांनी धर्म बदलल्याला फार वर्षं झाली नव्हती. घरातल्या त्या कोपऱ्याला अजून नवेपणाचा मान होता. आईनं मला बसू देण्याआधीच ताट मांडलं. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, वर कच्च्या तेलाची धार. मी दोन घास खाल्ल्यावर तिनं विचारलं, "माही पोरगी तथी बरी हाय ना?"

"मी अजून बोरखेडीला गेलेच नाही हो."

"मंग पायजा अन् सांगजा. जेवते का नाई ते पायजा आंधी. कामाच्या नादात उपाशी राह्यते. तथी तिले जेव म्हननारं कोनी नाई."

तिनं लेकीसाठी मुगवड्यांची पुरचुंडी दिली. निघताना वडील अंगणापर्यंत आले.

"नोकरी राहीन ना, बाई?"

मी अस्सल पुणेरी उत्तर दिलं, की बघून सांगते. त्यांनी मान हलवली. पुरचुंडी हातात होती, तशी फार जड नव्हती, पण सबंध वाटभर मला तिचं ओझं झालं.

अकोला, बाळापूर

अकोल्याला थंडीच्या दिवसांत गाव कुठं संपतं आणि कापूस कुठं सुरू होतो ते कळत नाही. सरकी काढणाऱ्या जिनाच्या दाराशी कापसाच्या गाड्यांची रांग, बैल सोडलेले, गाडीवान धुऱ्यांवर पाय टाकून गप्पा मारताहेत. बाभळींना, तारांना, बायकांच्या अंबाड्यांना सगळीकडे कापूस चिकटलेला. बाळापूरला मोटार बदलायची होती. दोन नद्यांच्या बेचक्यात बसलेला तिथला किल्ला पाहिला, म्हणजे खालूनच पाहिला, कारण वर चढण्यापेक्षा चहा पिणं मला अधिक निकडीचं वाटलं. चहा गुळमट आणि फार चांगला होता.

तिथे बोरखेडीचे सरपंच गणपतराव मला घ्यायला दमणी घेऊन आले होते. दमणी म्हणजे माणसांना बसायची हलकी बैलगाडी. गणपतराव तिशी-पस्तिशीचे, जमीनजुमला असलेले, आणि माझ्या उत्तरांपेक्षा स्वतःच्या प्रश्नांवर खूश असणारे गृहस्थ. काळ्या जमिनीतून वाट जात होती. दोन्ही बाजूंच्या शेतांत बायका लुगड्याच्या ओट्यात कापूस वेचत होत्या, आणि प्रत्येक शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक टोपलं ठेवलेलं दिसत होतं. प्रत्येकाला लाल चिंधी बांधलेली.

"हे काय?"

"दवाखान्याचं टोपलं," गणपतराव म्हणाले. मग त्यांनी सांगितलं ते मी अजून पेठेत सगळ्यांना सांगत असते. कापसाच्या पहिल्या वेच्याला इकडे सीतादही करतात. शेतात दहीभाताचा नैवेद्य ठेवतात आणि पहिला कापूस तिथे वाहतात. "धरतीले पयली वंजळ देतो ना आपन? मंग म्हटलं, एक वंजळ दवाखान्याले बी. वेचनारीनं सांजच्याले कापूस मोजून द्याच्या आंधी एक वंजळ टोपल्यात टाकाची. ज्याचं वावर, त्यानं दोन."

हंगामाच्या शेवटी सगळ्या टोपल्यांचा कापूस एका गाडीत भरून अकोल्याला विकतात, आणि गावाच्या वाट्याचा अर्धा पगार त्यातून निघतो. कोणाच्या दाराशी वर्गणी मागायला जावं लागत नाही. माझ्या लहानपणी आमच्या आईचा मुष्टिफंडाचा डबा असे. रोज भात रांधताना एक मूठ तांदूळ त्यात जाई, आणि तो गरीब विद्यार्थ्यांना पोचे. तो डबा आमच्या घरातून कधी नाहीसा झाला ते मला आठवेना. गाव असं ओंजळीओंजळीनं दवाखाना चालवत असेल, तर तो वापरत नसेल असं होईल कसं? माझं मन अगदी हलकं झालं. ते गावाच्या वेशीपर्यंतच टिकलं.

बोरखेडी

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि ओसरी. भिंतींना ताजा चुना. इतका ताजा, की मी कौतुकानं टेकले ती पाठीवर पांढरा पट्टा घेऊनच सुटले. आत औषधांचं कपाट, टेबल, एक लोखंडी पलंग. पलंगावर नवी गादी, कशिदा काढलेली चादर, उशाशी झेंडूचा हार. रोगी एकही नाही.

"सिस्टर कुठे आहेत?"

"पल्याडच्या गावात बाळंतपन निघालं. सकाळीच गेल्या. येतीन उद्या."

"आणि रोगी?"

गणपतरावांची छाती फुगली. "गावात एकबी आजारी मानूस नाई!"

ओसरीवर जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. मी दोन-तीन घरांत चौकशी केली. सगळे ठणठणीत. एका आजोबांनी तर मला उडी मारून दाखवली. अप्पांना सांगायचं काय? एक नर्स, जी जागेवर नाही. एक पलंग, जो कोणी वापरलेला दिसत नाही. एक गाव, ज्याला कधी साधं पडसं होत नाही. डोळ्यांनी बघून सांगा, असं मला सांगितलं होतं, आणि डोळ्यांना दिसत होती ती निव्वळ शोभा. पिशवीतल्या मुगवड्यांकडे मला बघवेना.

दुपारी दवाखान्यासमोरच गणपतरावांच्या घरी जेवण. आजवर मला इतका मान कोणी दिलेला नाही, आणि इतकं तूपही. अंगणात गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले होते. कणकेचे एकात एक घातलेले गोळे, खरपूस भाजून, फोडून, तुपात अक्षरशः बुडवलेले. जोडीला लालभडक वांग्याची भाजी आणि ठेचा. गणपतरावांची आई, गिरजामाय, माझ्यासमोर वाटी घेऊन बसल्या होत्या. मी 'पुरे' म्हणायला तोंड उघडलं की त्या ताटात आणखी वाढत. घरात सूनबाई दिसल्या नाहीत. विचारलं, तर "माहेरी गेली."

ओसरीला लागून कापसाची खोली होती. या भागात घरोघर ती असते. वेचलेला कापूस आढ्यापर्यंत रचून ठेवतात. तिचं दार बंद होतं. मी दुसऱ्या रोडग्यावर आले असताना आतून कोणीतरी खोकलं.

"कोण खोकतंय?"

"मांजर हाय," गिरजामाय मान वर न करता म्हणाल्या.

"मांजर खोकतं?"

"वऱ्हाडातलं खोकते."

तेवढ्यात आतून एक दणदणीत शिंक आली. गिरजामायनी माझ्या ताटात तुपाची वाटी उपडी केली. "अन् शिंकते बी. जेवा तुमी."

मी चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत काढली आहेत. बंद दारामागे कोणी लपलं असलं की मला कळतं. पण पाहुणी म्हणून गेलेल्या बाईनं यजमानाचं दार कसं उघडावं? मी गप्प जेवले, आणि जरुरीपेक्षा जास्त जेवले.

दुसरा दिवस

मला झोपायला दवाखान्याचाच पलंग दिला होता. गावातलं सगळ्यात चांगलं अंथरूण तेच, असं सांगून. उजाडता उजाडता माझ्या पोटात रोडगे आणि ठेचा यांची जुंपली. त्याचं सविस्तर वर्णन करत नाही. एवढंच सांगते, की सूर्य वर येईपर्यंत मी उभी राहू शकत नव्हते, ओठ सुकले होते, आणि पुण्याची बाई बोरखेडीत संपणार असं मला मनापासून वाटू लागलं होतं.

बाहेर गाडी थांबली. पांढऱ्या पातळातली, सडसडीत, पंचविशीतली एक मुलगी पिशवी घेऊन भराभर आत आली आणि पलंगाकडे बघून जागच्या जागी थांबली.

"तुम्ही कोण? आणि शांतावहिनी कुठे आहेत?"

"शांता कोण?" मी विचारलं.

ही निर्मला. दारात उभे असलेले गणपतराव स्वतःच्या पायांकडे बघू लागले. निर्मलाची एक नजर त्यांच्यावर, एक माझ्यावर. माझी नाडी तिनं बघितली, जीभ बघितली, पोट दाबून बघितलं. मग पांढरं मिक्श्चर दिलं, ग्लुकोजचं पाणी ढवळून हातात दिलं आणि घोट घोट प्या म्हणाली. हे सगळं होईपर्यंत ती चढ्या आवाजात एक शब्द बोलली नाही. मग ओसरीवर गेली आणि बोलली.

"सरपंचसाहेब, पायांना सूज असलेली बाई. आठवा महिना. मी त्यांना या पलंगावरून उठू नका म्हणून सांगून गेले होते. कुठे आहेत त्या?"

"कापसाच्या खोलीत," सरपंच पुटपुटले.

समोरच्या घरातल्या कापसाच्या खोलीचं दार उघडलं. शांता, म्हणजे गणपतरावांचीच बायको, हळूहळू बाहेर आली. तिच्यामागे छातीच्या आजाराचे एक म्हातारबुवा, पाय भाजलेली एक बाई, डोळे आलेली एक मुलगी. सगळ्यांच्या केसांना, भुवयांना कापूस. आदल्या दिवशी मी गावात आल्यापासून त्यांना तिथे बसवलं होतं; रात्री घरी सोडलं आणि पहाटे परत कोंबलं. मला तोवर दवाखान्याच्या ओसरीच्या कडेला सतरंजीवर टेकवलं होतं, तिथून मी हे सगळं बघत होते. शांता माझ्यासमोरून जाताना थांबली, पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "बाई, मांजर मीच."

"सुजलेली बाई कापसात कोंबून ठेवली तुम्ही!" निर्मलाचा आवाज आता खरंच चढला होता.

"कोंबली काहून म्हनतं?" गिरजामाय पुढे झाल्या. "कापूस मऊ असते. तुह्या पलंगापेक्षा मऊ."

"पण लपवायचं कशाला, माय?"

"घ्या! पुन्याच्या बाई कायले आल्या? दवाखाना बरा चालते का नाई ते पाह्यले. मंग गावात आजारी मानसं दिसली तर काय म्हनतीन? का दवाखाना काई कामाचा नाई! दवाखाना चांगला, तर मानूस आजारी कायले असन?"

मी शिक्षिका आहे, आणि मला त्या तर्कात खोट काढता येईना. त्यातून पाहुण्याला घरातलं दुखणं दाखवू नये, हीही इकडची रीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून बिचाऱ्यांनी मूठ झाकली, आणि तीच नेमकी त्यांच्या मुळावर येत होती. पोटात कळ येत होती तरी मला हसू आवरेना. हसता हसता मी त्यांना खरं ते सांगितलं, की मंडळानं मला रोगी बघायलाच पाठवलंय. रोगी दिसले नाहीत तर सिस्टरचा पगार याच महिन्यात बंद होईल.

गणपतरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "म्हंजे... रोगी पायजेत? बाप्पा! मंग पयलेच सांगाचं ना!"

दुपारपर्यंत सगळं गाव आजारी पडलं. रांग पिंपळापर्यंत गेली. आदल्या दिवशी उडी मारणारे आजोबा काठी टेकत, कण्हत आले. निर्मलानं रांगेच्या टोकापासून एकेकाला घरी पिटाळायला सुरुवात केली, तेव्हा जे उरले ते खरे. ते काही थोडे नव्हते. पलीकडच्या गावांहूनही बायका आल्या होत्या, आणि त्यांना कोणी बोलावलेलं नव्हतं. तो त्यांचा नेहमीचा दिवस होता.

पलंग एकच. गिरजामायचा आग्रह, पाहुणीला पलंगावर ठेवायचं. "पावनी जमिनीवर? लोक तोंडात शेन घालतीन!"

"इथे पाहुणं कोणी नाही, माय," निर्मला म्हणाली. "इथे सगळे रोगी. ज्याचं दुखणं जास्त त्याचा पलंग."

शांता पलंगावर गेली, मी तिच्याशेजारी सतरंजीवर. त्या सतरंजीवर काढलेले दिवस मी कधी विसरणार नाही. गिरजामाय ताकाची कढी आणि मऊ भात आणायच्या, आणि मी घास घेईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. या खेपेला तूप नव्हतं. सख्ख्या माणसांनी केली नसती अशी सेवा त्या घरानं माझी केली. कोण कुठली मी, त्यांच्या दवाखान्यावर शिक्का मारायला आलेली बाई!

सतरंजीवरून ऐकलेलं

शांताची आधीची दोन मुलं राहिली नव्हती. दोन्ही वेळा नर्स नव्हती. या वेळी रक्तदाब चढत होता, पाय सुजत होते, आणि निर्मलानं तिला नजरेखाली ठेवलं होतं. वेळ पडली तर दमणीत घालून अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, हे गणपतरावांशी बोलून ठेवलं होतं.

"माझं काय ते होईल, बाई," एकदा माझी नाडी बघताना ती हळूच म्हणाली. "पण वहिनींची वेळ होईपर्यंत मला इथून हलवू नका. मध्येच दुसऱ्या कोणाच्या हाती त्यांना सोडवणार नाही माझ्यानं."

मी तिला मुगवड्यांची पुरचुंडी दिली आणि आईचा प्रश्न विचारला. ती हसली, पण जेवते असं काही म्हणाली नाही. गिरजामाय तिथेच कढी ढवळत होत्या. त्यांनी ऐकलं. मग कोणी विचारलं नसताना बोलू लागल्या, त्यांच्या रोखठोक पद्धतीनं.

"पयल्या साली मी हिले चुलीपाशी येऊ देल्लं नाई. बुद्धवाड्यातली पोरगी म्हनून. पानी बी दुरून देल्लं." त्या निर्मलाकडे न बघता माझ्याकडे बघून सांगत होत्या. "अन् थंडीतापात मी पडली, तवा हिनंच माहं डोस्कं मांडीवर घेतलं. माहा लेक घरात होता, पन त्याच्या हातून काय होते? मंग मी म्हटलं, गिरजे, तू येडी हायेस."

निर्मला खाली मान घालून बाटल्या पुसत राहिली. त्या दुपारी गिरजामाय तिच्यासाठी ताट घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसत तशाच तिच्यासमोर बसल्या. तुपाच्या वाटीसकट. मला तिची थोडी कीव आली.

निघताना

मी बरी झाले. पैशाची पिशवी काढली, तर गिरजामाय खवळल्या. पाहुणीकडून पैसे? त्यांच्या घराची अब्रू जाईल. निर्मला म्हणाली, "पण त्या रोगी होत्या. बरा झालेला रोगी टोपल्याला काहीतरी देतो, हा आपला नियम आहे." दोघी माझ्या डोक्यावरून भांडत होत्या आणि मी मध्ये बसून चहा पीत होते. एव्हाना वऱ्हाडी भांडणाची मला सवय झाली होती. शेवटी तोड निघाली ती अशी: पैसा नाही, सगळे देतात तेच बाईंनी द्यायचं.

म्हणून मी शेतात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा कापूस वेचला. बोंडाचं सुकलेलं कवच किती टोचतं ते पुण्यात सुती पातळ नेसून कळत नाही. माझ्या शेजारी बुद्धवाड्यातल्या दोघी-तिघी वेचत होत्या. त्यांचे हात पाखरासारखे चालत होते आणि माझे खुरडत होते. मी त्यांना विचारलं, तुम्ही सीतादही करता का?

"आमी ते सोडलं, बाई," त्यातली वयानं मोठी म्हणाली. "वंजळ नाई सोडली. दवाखाना का एकट्याचा हाय?"

माझी ओंजळ भरायला बराच वेळ लागला. ती मी लाल चिंधीच्या टोपल्यात टाकली तेव्हा सगळ्या जणी हात थांबवून बघत होत्या. आजवर मी मंडळाला पुष्कळ वर्गण्या दिल्या, पण दिल्यासारखं वाटलं ते त्या दिवशी.

परत पेठेत

मंडळाच्या बैठकीत अप्पांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "बोला. रोगी पाहिलेत?"

मी सगळं सांगितलं. चुन्याचा पट्टा, उडी मारणारे आजोबा, रोडगे, मांजर. शिंकेपर्यंत आले तेव्हा अप्पा, जे हसलेले आमच्यापैकी कोणाला आठवत नाहीत, ते खुर्चीत मागे रेलून डोळे पुसत होते. मग मी शांताबद्दल सांगितलं, तेव्हा कोणी हसलं नाही. बोरखेडीची मदत चालू राहिली. आणि कोकणाचं काय, असं कोणी विचारायच्या आत मी टेबलावर आमच्या आईचा डबा ठेवला; माळ्यावर सापडला होता, घासून आणला होता. आता आमच्या पेठेत बऱ्याच घरी रोज एक मूठ तांदूळ बाजूला पडतो. कोकणातल्या त्या गावाला नर्स गेली आहे. वऱ्हाडाच्या ओंजळीचं हे देणं आहे, आणि ते आम्ही उघडपणे मानतो.

पण माझा जीव लागला होता दुसरीकडे. पौष गेला, माघही निम्मा सरला. पोस्टमन दिसला की मी दारात जात असे आणि रिकाम्या हातानं परतत असे. मग एक कार्ड आलं. अक्षर गणपतरावांचं, हुकूम त्यांच्या आईचा:

"पुण्याच्या बाईंस सप्रेम नमस्कार. आई सांगते तसं लिहितो. मांजरीले पोट्टी झाली. आपल्याच दवाखान्यात, पलंगावर. दोघी खुशाल हायेत. काल बारसं केलं. मले बहीन नाई, म्हनून आत्याच्या जागी पाळन्यापाशी सिस्टर बसली अन् पोरीच्या कानात नाव तिनंच सांगितलं. नाव काय ठेवाचं ते आईनं तिले सांगितलं नव्हतं, ऐन वेळी सांगितलं. नाव निर्मला ठेवलं. सिस्टर लय रडली. आता ती रोज आमच्याकडेच जेवते, आई सोडत नाई."

मी ते कार्ड देवापाशी ठेवलं आणि त्याच दिवशी वलगावला दुसरं टाकलं. तुमची मुलगी बरी आहे, नोकरी राहिली आहे, आणि तिला जेव म्हणणारं एक माणूस तिथे आहे.